म्हाताऱ्याच्या भांड्यातला भात

‘अमेरिका’ हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे एकटा माणूस उभा राहतो. घोड्यावर बसून मावळतीकडे निघालेला शिपाईगडी, नाही तर खिशात दमडी नसताना महानगरात उतरून पुढे कोट्यधीश झालेला तरुण. सिनेमाने हे चित्र रंगवले आणि आता मोबाइलच्या पडद्यावरून ते आमच्या आरमोरीच्या पानठेल्यापर्यंत पोचले आहे. स्वप्न पाहा, एकटे झटा, मागे वळून पाहू नका! परीक्षेत ‘अमेरिकन स्वप्न’ यावर टिपा लिहिताना आम्हीही हेच लिहून येतो. वस्तुतः जेम्स ट्रस्लो ॲडम्स या इतिहासकाराने 1931 साली हा शब्दप्रयोग रूढ केला तेव्हा त्याच्या मनात मोटारी आणि भरघोस पगार नव्हते. प्रत्येकाला त्याच्या कुवतीप्रमाणे फुलता येईल अशी समाजरचना होती. असो.

माझे म्हणणे एवढेच, की त्या देशातल्या चांगल्या कादंबऱ्या उघडून पाहिल्या तर हे एकट्याचे स्वप्न तिथे फारसे टिकत नाही. फिट्झजेराल्डच्या गॅट्सबीचे पाहा (1925). त्याच्या बंगल्यावर मेजवान्यांना शेकडो माणसे लोटतात आणि अंत्ययात्रेला बोटांवर मोजण्याइतकी येतात. स्टाइनबेकच्या ‘ऑफ माइस अँड मेन’मधले (1937) जॉर्ज आणि लेनी हे दोन शेतमजूर रानोमाळ हिंडताना एकच गोष्ट घोकत असतात. आपली थोडी जमीन असेल, एक गाय असेल, ससे असतील. हात गमावलेला एक म्हातारा गडी ती गोष्ट ऐकतो आणि जवळची पुंजी काढून देतो म्हणतो. तबेल्यात एकटा पडलेला काळा माणूस आधी हसतो आणि घटकाभराने ‘मलाही घ्याल का’ असे विचारून बसतो. जमीन कुणीच पाहिलेली नाही. पण सांगणारा एक आणि ऐकणारा एक, एवढ्या भांडवलावर ते शेत उभे राहिले आहे. शेवटी जॉर्जच्या हातूनच लेनी मरतो आणि त्याच क्षणी ते शेतही जाते.

परंतु मला लिहायचे आहे ते दुसऱ्याच पुस्तकाविषयी. हेमिंग्वेच्या ‘द ओल्ड मॅन अँड द सी’चा (1952) पु. ल. देशपांडे यांनी ‘एका कोळियाने’ या नावाने मराठी अनुवाद केला. नाव वाचताच शाळेच्या पुस्तकातला, पुन्हा पुन्हा पडून जाळे विणणारा कोळी आठवतो. पुण्या-मुंबईच्या वाचकाला त्या एका शब्दात जाळे विणणारा जीव आणि मासेमार असे दोन्ही दिसत असतील. आमच्या झाडीपट्टीत मात्र मासे धरणारा तो ढिवर. ग्रंथालयातून मी हे पुस्तक आणले तेव्हा माझ्या मित्राने चार पाने चाळली आणि म्हणाला, “हे त ढिवराचं पुस्तक हाय बे!” तो स्वतः ढिवराच्या घरचा. वैनगंगेवर आणि मामा तलावांवर जाळे टाकण्यात त्याच्या वडिलांची हयात गेली.

गोष्ट क्यूबातली आहे. सांतियागो नावाच्या म्हाताऱ्याला चौऱ्याऐंशी दिवसांत एकही मासा गावलेला नाही. पहिले चाळीस दिवस मानोलिन नावाचा पोरगा त्याच्या होडीवर होता. पुढे आईबापांनी त्याला दुसऱ्या होडीवर धाडले. तरी संध्याकाळी पोरगा म्हाताऱ्याच्या झोपडीत येतोच. मग दोघांचे एक ठरलेले बोलणे होते. पोरगा विचारतो, जेवायला काय आहे? म्हातारा सांगतो, भांडंभर पिवळा भात आहे, मासा आहे, तू घेशील थोडा? पोरगा म्हणतो, नको, मी घरी जेवेन. मग विचारतो, फेकायचे जाळे नेऊ का? म्हातारा म्हणतो, ने की. जाळे केव्हाच विकले गेलेले असते आणि भांड्यात भाताचे शीतही नसते. दोघांनाही ते ठाऊक असते आणि रोज हेच बोलणे होते.

मग गप्पा बेसबॉलच्या. न्यूयॉर्कच्या यांकीज संघाचा जो डिमॅजिओ हा म्हाताऱ्याचा देव. तो कोळ्याचा मुलगा होता, आणि टाचेच्या दुखण्याने 1949 च्या हंगामाचे पहिले दोनेक महिने बाहेर बसून पुन्हा मैदानात उतरला होता. भर समुद्रात हात सोलवटले, पाठ मोडून आली, तेव्हा म्हातारा त्या टाचेची आठवण काढतो. ज्याला आपण उथळ लोकरंजन म्हणून नाक मुरडतो, तेही असे एखाद्याच्या उपयोगी पडते! आमच्याकडे रात्रभर वडशाच्या मंडळीचे नाटक पाहून पहाटे त्यातल्या नायकाच्या ऐटीत घरी जाणारी पोरे मी पाहिली आहेत. मी त्यांना हसत नाही.

आता माझी गोष्ट. या मित्राचे स्वप्न पोलीस भरतीचे होते. दोन वर्षे आम्ही पहाटे पाचला वडसा रोडवर धावलो. मला भरती द्यायची नव्हती. मी घड्याळ धरायला आणि सोबतीला. सोळाशे मीटरचा त्याचा वेळ सुधारत होता, लेखी परीक्षेत मात्र घोडे अडे. दुसऱ्यांदा थोडक्या गुणांनी नाव हुकले त्या संध्याकाळी आम्ही ब्रह्मपुरी रस्त्याच्या पुलावर बसलो होतो. तो म्हणाला, “पुढच्या वेळी होते बे.” मी त्या दिवशी शहाणा झालो होतो. मी म्हणालो, “सोड आता. उगाच स्वतःला फसवू नको.” तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मी रस्त्यावर गेलो, तो आला नाही. फेब्रुवारीत गावातल्या टोळीबरोबर मिरची तोडायला तेलंगणात गेला. त्याचे बी.ए.चे शेवटचे वर्ष राहून गेले.

मी खरे तेच बोललो होतो. मित्राने तोंडावर खरे बोलावे, असे आपण सुविचारांच्या फळ्यावर लिहितो. म्हणून मी पुष्कळ दिवस स्वतःला निर्दोष ठरवले. मग ‘एका कोळियाने’ पुन्हा वाचताना पहिल्या वेळी नजरेतून निसटलेली एक साधी गोष्ट दिसली. रिकाम्या भांड्यातल्या भाताला होकार देऊन तो पोरगा नुसता निघून जात नाही. तो जातो आणि दोन कप्प्यांचा डबा भरून घेऊन येतो. काळा घेवडा, भात, तळलेली केळी, रस्सा. म्हाताऱ्याची लाज राहते आणि पोटही भरते. ‘भांड्यात भात नाही’ हे सांगायला काही लागत नाही. ते म्हाताऱ्याला आपल्याहून अधिक ठाऊक असते.

कुणी म्हणेल, अशाने माणूस भ्रमात राहील. राहू शकतो. जॉर्जने लेनीला शेवटपर्यंत सशांची गोष्ट सांगितली, त्याचे काय झाले ते वर लिहिलेच आहे. नुसते ‘हो’ म्हणणारे मित्र भाषणाला टाळ्या वाजवणाऱ्यांसारखे असतात, मांडव उठला की पांगतात. परंतु माझा दोष उलट बाजूचा होता. मित्र गणितात कच्चा आहे हे मला दोन वर्षे दिसत होते. रोज संध्याकाळी तासभर त्याच्याबरोबर बसलो असतो तर नाव लागलेच असते असे मी म्हणत नाही. पण मी घड्याळ धरले आणि त्यालाच मैत्री समजलो. डबा आणलाच नाही.

त्या पुस्तकात म्हातारा अठरा फुटांचा मासा धरतो, शार्क त्याचे लचके तोडतात आणि होडीला बांधलेला सांगाडा तेवढा किनाऱ्याला लागतो. समुद्रात असताना म्हातारा वरचेवर म्हणत असतो, पोरगा इथे हवा होता. शेवटी तो झोपलेला आहे, त्याच्या स्वप्नात आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचे सिंह आले आहेत आणि पोरगा शेजारी बसून आहे. त्या सिंहांचा अर्थ काय, यावर समीक्षकांनी पुष्कळ शाई खर्चिली आहे. माझे लक्ष आता शेजारी बसलेल्या पोराकडेच जाते.

धान कापणीला मित्र गावी आला होता. मी त्याच्या घरी गेलो, अंकगणिताची दोन पुस्तके नेली. भरतीचा विषय मी काढला नाही, त्यानेही काढला नाही; वयाची अट अजून दोन वर्षे आड येत नाही, हे मात्र दोघांनाही माहीत होते. निघताना त्याने विचारले, “त्या म्हाताऱ्याले मासा भेटला का बे शेवटी?” मी सांगितले नाही. पुस्तकच दिले. ते सध्या मिरचीच्या रानात आहे आणि त्याची मुदत वाढवून घ्यायला मी तिसऱ्यांदा ग्रंथालयात जाऊन आलो. ग्रंथपाल सर म्हणाले, “इतकं वाचण्यासारखं आहे का त्यात?” मी सही केली.