विश्लेषण : तानपुरा मोबाइलमध्ये आला, मिरजेच्या कारागिरांच्या हाती काय उरले?

मिरजेत बनणाऱ्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण आज गाणे शिकणाऱ्या अनेकांचा पहिला तानपुरा मोबाइलमधला असतो. बोट लावले की अखंड सूर सुरू. ही गायक-वादकांची सोय आहे, की कान बिघडवणारी सवय? आणि मानांकन नेमके कशाचे रक्षण करते : वाद्याचे, नावाचे की आवाजाचे?

मोबाइलमधला तानपुरा इतका का रुजला?

कारण तो अडचणीच्या वेळी हजर असतो. साताऱ्यातील कोयनानगरचेच उदाहरण घ्या. इथे गाणे शिकणाऱ्याला तानपुरा हवा असेल, तर कराड आणि तिथून पुढे मिरज गाठावे लागते. वाद्यासाठी हजारो रुपये मोजावे लागतात. ते घरी आणल्यावर खरी परीक्षा पावसाळ्यात होते. कोयनेच्या पाणलोटात दर वर्षी काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. दमट हवेत लाकूड आणि भोपळा ओलावा धरतात, तारा उतरतात, खुंट्या अडकतात किंवा सटकतात. रियाजाला बसण्याआधी वाद्य लावण्यातच वेळ जातो. शिवाय तानपुरा छेडायला साथीदार मिळाला नाही, तर गाणे आणि छेडणे दोन्ही एकट्यालाच सांभाळावे लागते.

या अडचणींवर उपाय शोधणारे लोक संगीतातलेच होते. बंगळूरुचे बासरीवादक आणि अभियंता जी. राज नारायण यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला. त्यांची ‘राडेल’ ही पेटी पुढे घरोघरी, संगीत वर्गांत आणि रंगमंचावरही पोहोचली. मोबाइलमधील ॲप ही त्याची पुढची पायरी. पट्टी बदलायची तर तार पिळावी लागत नाही, पडद्यावर बोट सरकवले की काम झाले.

यंत्रातून सूर येतो कसा?

पद्धती दोन. सुरुवातीच्या पेट्यांमध्ये विद्युत मंडलातून कृत्रिम सूर तयार होत असे. तो स्थिर असे, पण त्यात तारेचा जीव नसे. नंतर खऱ्या तानपुऱ्याचे ध्वनिमुद्रण वापरण्याची पद्धत आली. सीडीच्या दर्जाच्या मुद्रणात आवाजाच्या लहरीचे दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजमाप घेतले जाते. चारही तारांचे असे नमुने संगणकात साठवायचे आणि हव्या त्या क्रमाने, हव्या त्या पट्टीत वाजवायचे. आजच्या बहुतेक चांगल्या ॲपमागे असा कुठला तरी खरा तानपुरा असतो.

मग फरक कुठे पडतो?

पहिला फरक जवारीचा. तानपुऱ्याच्या घोडीचा माथा सपाट नसतो, त्याला हलका उतार असतो. थरथरणारी तार त्या उतारावर पुन्हा पुन्हा टेकते. तारेखाली सुताचा धागा योग्य जागी सरकवला की आवाज खुलतो आणि एका तारेतून अनेक स्वर उमलल्यासारखे वाटतात. सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये याचा अभ्यास मांडला. तार जिथे छेडली जाते, तिथल्या स्थानानुसार काही उपस्वर निघायलाच नकोत, असे भौतिकशास्त्राचा जुना नियम सांगत होता. तानपुरा आणि वीणेत ते स्पष्ट ऐकू येतात, आणि याचे कारण घोडीची रचना आहे, असे रामन यांनी दाखवले.

दुसरा फरक मोबाइलच्या स्पीकरचा. पुरुष गायकाने काळी एक पट्टी घेतली, तर जोडाच्या तारा सुमारे १३९ हर्ट्झला आणि खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झला बोलते. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरला इतका खाली सूर धड वाजवता येत नाही. वरचे उपस्वर ऐकून आपला मेंदू खर्ज ‘भरून’ घेतो. म्हणून सूर कळतो, पण त्याची भरीव बैठक मिळत नाही. मोबाइलला बरा स्पीकर जोडला की हा दोष बराच कमी होतो.

तिसरा फरक पुनरावृत्तीचा. हाताने छेडलेला प्रत्येक आघात थोडा वेगळा असतो. यंत्रात तेच आवर्तन फिरत राहते.

याने कान बिघडतो का?

चांगल्या ॲपमुळे बिघडतो असे म्हणता येणार नाही. उलट, उतरलेल्या तानपुऱ्यावर रोज गाण्यापेक्षा सुरात असलेले ॲप बरे. खरी गफलत कीबोर्डच्या स्वरांवर कान घडवताना होते. उत्तम लागलेल्या तानपुऱ्यात खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो. कीबोर्डवरचा शुद्ध गंधार त्याच्याहून किंचित चढा असतो. शेजारच्या दोन पट्ट्यांमधील अंतराचे १०० भाग केले, तर हा फरक सुमारे १४ भागांचा आहे. सवयीच्या कानाला तो खटकतो.

हा प्रश्न या भागाला नवा नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांच्या प्रयोगांत उस्ताद अब्दुल करीम खाँ सहभागी होते. देवल आणि आयसीएस अधिकारी ई. क्लेमंट्स यांच्या खटपटीतून श्रुती हार्मोनियम घडली. पुढे १९४० पासून सुमारे तीन दशके आकाशवाणीने हार्मोनियमला दूर ठेवले. यंत्राचा सूर आणि गळ्याचा सूर यांचे भांडण शंभर वर्षांहून जुने आहे.

ॲपमुळे जे हरवते ते वेगळेच आहे. तानपुरा लावणे हेच शिक्षण असते. खुंटी पिळून तार जवळ आणायची, मग मणी सरकवून शेवटचा केसभर फरक मिटवायचा. दोन सूर एकजीव होण्याचा क्षण कानाने पकडायचा. ॲपमध्ये हे काम आधीच झालेले असते. विद्यार्थ्याला सूर आयता मिळतो, तो शोधावा लागत नाही.

मिरजेच्या कारागिरांवर याचा परिणाम काय?

मिरजेतील तंतुवाद्यांची परंपरा एकोणिसाव्या शतकातली. शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगार कुटुंबांतील फरीदसाहेबांनी तिचा पाया घातला, असे सांगितले जाते. वाद्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतो. तो निवडणे, वाळवणे, दांडी-तबली जोडणे, नक्षीकाम आणि शेवटी जवारी काढणे हे सारे हाताचे काम. जवारी तर कानाने घासायची असते. ते कौशल्य वर्षानुवर्षे शेजारी बसूनच येते.

पट्टीचे कलावंत आजही मैफलीला खरे तानपुरे घेतात. धोका आहे तो खालच्या पायरीवर. नवशिक्या विद्यार्थी, छोटे संगीत वर्ग, शाळा ही मधल्या किमतीच्या वाद्यांची गिऱ्हाइके. ती ॲपवर थांबली, तर नव्या कारागिराला हात बसवण्यासाठी कामच उरणार नाही.

मानांकनाने काय मिळते?

१९९९ च्या कायद्यानुसार भौगोलिक मानांकन वस्तूला आणि तिच्या नावाला संरक्षण देते. दुसरीकडे बनलेले वाद्य ‘मिरजेचे’ म्हणून विकले, तर नोंदणीधारकांना दाद मागता येते. नोंदणी १० वर्षांची असते आणि तिचे नूतनीकरण करता येते.

वाद्याचा आवाज मात्र या चौकटीत येत नाही. कोणी मिरजेच्या तानपुऱ्याचे ध्वनिमुद्रण करून ॲप बनवले, तर त्या मुद्रणाचा स्वामित्वहक्क कॉपीराइट कायद्याप्रमाणे मुद्रण करवून घेणाऱ्या निर्मात्याचा. छेडणाऱ्याला कलावंत म्हणून काही हक्क मागता येतील. ज्याने जवारी काढली त्याला काही नाही. त्याला वाद्याची किंमत एकदा मिळाली, विषय संपला.

माणसाच्या आवाजाचे तसे राहिलेले नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेने आवाजाची नक्कल करण्याच्या विरोधात मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये गायक अरिजित सिंह यांना आणि २०२५ मध्ये सांगलीत जन्मलेल्या गायिका आशा भोसले यांना अंतरिम संरक्षण दिले. गायकाचा आवाज हा त्याच्या व्यक्तिमत्त्वाचा भाग, असा त्यामागचा विचार. वाद्याला व्यक्तिमत्त्व नसते. त्यामुळे हा आधार कारागिराला मिळत नाही.

मग मार्ग कोणता?

कायदा बदलण्याची वाट न पाहता एक गोष्ट करता येण्यासारखी आहे : करार. ध्वनिमुद्रणासाठी वाद्य देताना कारागिरांच्या संस्थांनी नावाचा उल्लेख आणि विक्रीतला वाटा लेखी मागावा. मानांकनामुळे ‘मिरज’ या नावाला जे वजन आले आहे, त्याचा उपयोग इथे होऊ शकतो. संगीत वर्गांनीही रियाजाला ॲप जरूर वापरावे, पण वर्गात एक तरी खरा तानपुरा ठेवावा आणि तो रोज एका विद्यार्थ्याला लावायला द्यावा. त्या एका वाद्याने मुलांचा कान तयार होईल आणि मिरजेतल्या एखाद्या हाताला कामही मिळेल.