सहावे नाव

१९७३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये सहा पानांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. विषय होता आयोडीनयुक्त मिठाने गलगंडाला आळा घालण्याचा. लेखकही सहाच: सूच, देव, करमरकर, कोचुपिल्लई, रामचंद्रन आणि सर्वांत शेवटी व्ही. रामलिंगस्वामी, दिल्लीच्या ‘एम्स’चे तत्कालीन संचालक.

या सहा पानांमागे १९५६ पासूनचे काम उभे होते. आजच्या हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात सुमारे एक लाख लोकवस्तीचे तीन विभाग करण्यात आले. दोन विभागांना आयोडीनयुक्त मीठ पुरवले गेले, तिसऱ्याला साधे. सहा वर्षांनी पहिल्या दोन विभागांतील गलगंडाचे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आले. तिसऱ्यात ते जिथल्या तिथे राहिले. मग तिसऱ्या विभागालाही तेच मीठ मिळू लागले आणि तेथेही रोग ओसरत गेला. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तो याच पायावर. आज घरोघरी आयोडीनयुक्त मिठाची पिशवी असते. तिच्या मागे हे खोरे आहे.

आता हाच निबंध पदोन्नतीच्या कागदांवर ठेवून पाहावा. भारतीय वैद्यक परिषदेने २०१५ मध्ये वैद्यकीय अध्यापकांच्या बढतीसाठी जे स्पष्टीकरण काढले, त्यात श्रेय पहिल्या दोन लेखकांपुरते मर्यादित होते. त्या मापाने सूच आणि देव मोजले गेले असते. करमरकर नाहीत, आणि सहावे नाव तर नाहीच. २०२० मध्ये ही मर्यादा पहिले तीन लेखक किंवा पत्रव्यवहार करणारा लेखक अशी सैल झाली. रामलिंगस्वामींना १९७३ मध्ये बढतीची गरज नव्हती, हे खरे. परंतु वर्षानुवर्षे खेडोपाडी काम करणाऱ्या मोठ्या चमूतील आजच्या तरुण डॉक्टरला ती असते.

तरीही मोजणीची गरजच नाही, असे म्हणता येणार नाही. दिल्लीच्या सर गंगाराम रुग्णालयातील समीरण नंदी आणि सहकाऱ्यांनी २००५ ते २०१४ या दशकातील ५७९ वैद्यकीय संस्थांचे प्रकाशन तपासले. त्यांपैकी ३३२ संस्थांतून दहा वर्षांत एकही निबंध आला नव्हता. वर्षाला शंभरावर निबंध देणाऱ्या अवघ्या २५ संस्था होत्या आणि देशातील एकूण निबंधांपैकी ४०.३ टक्के त्यांचे होते. हे वास्तव उघडे पडले ते मोजल्यामुळेच. शून्य हा आकडा फसवत नाही.

फसगत होते ती शून्याच्या पुढे. २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी एच-निर्देशांक सुचवला. ज्याच्या २० निबंधांचा प्रत्येकी किमान २० वेळा इतरांनी संदर्भ घेतला, त्याचा निर्देशांक २०. या गणितात त्या विसांपैकी एखाद्या निबंधाचा संदर्भ हजार वेळा घेतला गेला, तरी निर्देशांक तसूभरही वाढत नाही. शिवाय संदर्भ घेतात ते संशोधक. ज्याला गलगंड झालाच नाही, तो कोणाचाही संदर्भ घेत नाही. वैद्यकातील सर्वांत मोठे यश असे निनावीच राहते.

आणि माप एकदा बढतीशी बांधले की माणसे मापासाठी काम करू लागतात. २०१५ च्या यादीत मान्यता मिळालेल्या काही सूचींच्या दर्जावर वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनीच आक्षेप घेतला होता. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांना त्यातून मागचे दार मिळते. रुग्णसेवा, अध्यापन आणि संशोधन ही तीन ओझी वाहणाऱ्या अध्यापकाला त्या दाराने जाण्याचा मोह होणे अनाकलनीय नाही. नुकसान मात्र रुग्णाचे होते.

उपाय अवघड आहे, पण अज्ञात नाही. निवड समितीने उमेदवाराकडून यादी न मागता त्याचे तीन सर्वोत्तम निबंध मागावेत, ते वाचावेत आणि प्रत्येकात त्याचा नेमका वाटा काय, हे विचारावे. यात वेळ जातो. कांगड्यातही गेला होता.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी एखाद्या संशोधकाची संदर्भसंख्या जरूर पाहावी. त्यानंतर मात्र त्याचा एक तरी निबंध उघडावा आणि शेवटच्या नावापर्यंत वाचावा.