ताई दिल्लीला गेल्या, कापसाचे काय?



लोकसभा आणि विधानसभेत एक तृतीयांश जागा स्त्रियांना देणारी घटनादुरुस्ती २०२३ साली मंजूर झाली. जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर अंमल, अशी अट त्यातच घातली. म्हणजे पुढेमागे स्त्री उमेदवार मोठ्या संख्येने दारात येणार. त्यांना कोणत्या काट्यावर तोलायचे हे आधीच ठरवलेले बरे. आपल्या नंदुरबारला एका स्त्री खासदाराची पुरी दहा वर्षे झाली आहेत. तिथूनच हिशेब मांडू.

२०१४ साली डॉ. हीना गावित निवडून आल्या तेव्हा त्या २६ वर्षांच्या होत्या. १९८१ पासून नऊ वेळा जिंकलेल्या माणिकराव गावितांना त्यांनी लाखाच्या वर मतांनी हरवले. २०१९ ला त्या पुन्हा जिंकल्या. २०२४ ला काँग्रेसच्या गोवाल पाडवी यांनी त्यांना दीड लाखाच्या वर मतांनी हरवले. त्याच वर्षी अक्कलकुव्यातून त्या विधानसभेला अपक्ष उभ्या राहिल्या, तिथेही यश आले नाही.

या प्रवासाकडे लोक दोन तऱ्हांनी पाहतात. आदिवासी मुलगी, डॉक्टर, दिल्लीत धीटपणे बोलते, म्हणून कौतुक. किंवा बापाच्या पुण्याईवर आली, म्हणून नाक मुरडणे. कौतुकात तथ्य आहे. २०२३ च्या अविश्वास ठरावावर सरकार पक्षाकडून त्या बोलल्या, हा मान सहज मिळत नाही. घराण्याची गोष्टही खरी. २०२२ ते २०२४ या काळात वडील डॉ. विजयकुमार गावित राज्याचे आदिवासी विकास मंत्री आणि बहीण जिल्हा परिषदेच्या अध्यक्ष होत्या. जिल्हा, मुंबई, दिल्ली, तिन्ही किल्ल्या एका घरात. पण गोवाल पाडवीही माजी मंत्री के. सी. पाडवी यांचेच चिरंजीव. पोरगा आला तर वारसदार आणि पोरगी आली तर घराणेशाही, हा न्याय नव्हे.

आपला काटा वेगळा असला पाहिजे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या पदरात काय पडले?

लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०१४-१५ ला ४०५० रुपये होता, २०२३-२४ ला ७०२० झाला. ज्वारीचा १५३० वरून ३१८० वर गेला. कागदावर वाढ दिसते. पण भाव ठरवताना खर्चाची सरासरी साऱ्या देशाची धरतात, त्यात ओलिताचा कापूसही येतो. एकरी खर्च सारखाच, पंचवीस हजार, धरून पाहा. दहा क्विंटल पिकले तर क्विंटल अडीच हजारांत पडतो. पावसाने दगा देऊन तीनच क्विंटल आले तर आठ हजारांच्या वर जातो. त्यात सीसीआयच्या केंद्रावर ओलावा आठ टक्क्यांपुढे गेला की कपात, बारापुढे गेला की माल परत.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले आणि ती सूट डिसेंबरअखेरपर्यंत चालवली. नेमके आपल्या वेचणीचे महिने! हे निर्णय दिल्लीत होतात. खासदार लागतो तो तिथे. आणि खासदाराकडे मागितले काय जाते? सभामंडप, रस्त्याचा तुकडा, लग्नाला हजेरी. जे मागितले नाही त्याचा जाब कोण देणार?

पाण्याचेही तसेच. तापीवर प्रकाशा आणि सारंगखेड्याला बॅरेज झाले, पाणी अडले. उपसा योजना मात्र वर्षानुवर्षे बंद राहिल्या. नदी डोळ्यासमोर आणि कापूस ढगाच्या भरवशावर. हा विषय राज्य सरकारचा खरा. पण तिन्ही किल्ल्या एका घरात होत्या तेव्हा जाब विचारायला दारही एकच होते.

स्त्री प्रतिनिधीकडे एक मागणे जास्तीचे आहे. वेचणी बाईच्या हाताने होते, सातबाऱ्यावर तिचे नाव नसते. नाव नाही म्हणून पीककर्ज नाही, खरेदी केंद्रावर नोंद नाही. १९८६ ला चांदवडला शेतकरी बाया जमल्या आणि पुढे लक्ष्मीमुक्तीत नवऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला. शेतकऱ्याने आपल्या घरात जे केले ते कायद्याने पुढे नेणे हे ताईंचे काम आहे. दिल्लीत एक बाई बसली म्हणून शेतातल्या बाईचे नाव आपोआप लागत नाही.

तेव्हा उमेदवार बाई असो की बाप्या, गावाने तीन प्रश्न लेखी द्यावेत. कापसाच्या आयातीवर सभागृहात काय बोलणार? कोरडवाहूचा खर्च वेगळा धरायला लावणार का? शेतात राबणाऱ्या बाईला शेतकरी म्हणून नोंदवणार का? उत्तर सभेत वाचून घ्या, कागद ग्रामपंचायतीत लावा. पाच वर्षांनी तोच कागद घेऊन त्यांच्या दारात जा. आजच्या खासदारांपासूनच सुरुवात करायला हरकत नाही.