आत काय, ते नंतर

आमच्या नागावात शनिवार-रविवारच्या जेवणाची ऑर्डर हल्ली दोन भागांत येते. मोठ्यांना सुरमई, कोलंबीचं कालवण, तांदळाची भाकरी. पोरांना ‘काहीतरी मेक्सिकन’. २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली आणि मुंबईकर गाडीसकट यायला लागले. त्या गाडीच्या डिकीत मैद्याच्या तयार पोळ्या, लाल सॉसची बाटली आणि किसलेलं मोझरेला असतं. बंगल्यावरच्या बाईंना सांगितलं जातं, की हे गुंडाळा, ते ओता, वर चीज पसरा आणि ओव्हनमध्ये घाला. झाला एन्चिलाडा.

मी वाडीत घरगुती जेवण करून देते. पाहुण्यांच्या हौसेवर माझं पोट आहे, तेव्हा तिला नावं ठेवणार नाही. माझा राग त्या बाटलीवर आहे. एन्चिलाडा म्हणजे मुळात मिरचीच्या रश्शात बुडवलेली मक्याची भाकरी. १८३१ साली छापलेल्या ‘एल कोसिनेरो मेहिकानो’ या पुस्तकातसुद्धा हा पदार्थ आहे. मेक्सिकोतल्या बऱ्याच घरांत तो भट्टीत जातही नाही. भाकरी गरम तेलात पलटायची, रश्शात बुडवायची, सारण भरून गुंडाळायची आणि लगेच ताटात वाढायची. आधी तेल की आधी रस्सा, यावर तिथेही घरोघरी वेगळं मत. पिवळ्या चीजचं पांघरूण घालून भाजायची रीत टेक्सासकडे फोफावली आणि आपल्याकडच्या हॉटेलांनी तीच उचलली.

म्हणून ‘ताई, आत काय घालू?’ असं कुणी विचारलं की मी म्हणते, बाहेर काय आहे ते आधी सांग. नाव बदलतं ते रश्शावरून. टोमॅटोचा रस्सा असला तर एन्तोमातादास, घेवड्याचा असला तर एन्फ्रिहोलादास, वाटलेल्या मिरची-मसाल्यांचा मोले असला तर एन्मोलादास. सारण तेच कोंबडीचं असलं तरी चालतं.

आणि रस्सा आपल्याला परका आहे का? समोर रेवदंड्याचा कोट आहे. पोर्तुगीज तिथे दोनशेहून जास्त वर्षं होते, १७४० मध्ये मराठ्यांनी त्यांना घालवलं. खाडीपलीकडे कोर्लईत पोर्तुगीज मिसळलेली बोली अजून बोलतात. मिरची या किनाऱ्यावर आली ती त्याच लोकांच्या गलबतांतून. तिच्याबरोबर नाहीतर मागून मका, बटाटा, टोमॅटो, लाल भोपळा, काजूही अमेरिकेतून आले. उलट आपल्या बाजूचे नारळ नि आंबे स्पेनच्या मनिला-अकापुल्को जहाजांतून मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावर पोचले. चैत्रात डंखावर मसाला कुटायला रांग लावणाऱ्या बाईला मिरचीचा रस्सा बाटलीतून विकत घ्यायला लावणं, हा शुद्ध आगाऊपणा आहे.

तिकडची ग्वाहियो मिरची आणि आपली ब्याडगी एकाच वनस्पतीच्या जाती. रंग भरपूर, तिखटपणा बेताचा. दहा-बारा ब्याडगी घ्याव्यात, झणका हवा असेल तर दोन संकेश्वरी. बिया काढून तव्यावर जेमतेम शेकायच्या. काळी पडली की रस्सा कडू होतो आणि मग कशानेही सावरत नाही. वीस मिनिटं गरम पाण्यात भिजवून दोन भाजलेले टोमॅटो, चार लसणीच्या पाकळ्या आणि चिमूटभर जिऱ्याबरोबर बारीक वाटायच्या आणि गाळायच्या. मग तेलात परतायचं, रंग गडद होऊन कडेला तेल सुटेपर्यंत. इथे आपला हात आपोआप खोबऱ्या-कांद्याच्या वाटणाकडे जातो. तो आवरायचा, गरम मसालाही नको. पळीच्या पाठीला चिकटून राहील इतका दाट झाला की पुरे.

हिरव्या रश्शाला तिकडे टोमाटियो लागतं, ते इथे मिळत नाही. कच्चे टोमॅटो आणि कैरीची एक फोड भाजून, हिरवी मिरची-कोथिंबिरीबरोबर वाटली की काम होतं. परसात बिंबलं असतील तर कैरीही नको.

भाकरीचं मात्र नीट समजून घ्यायला हवं. नुसत्या मक्याच्या पिठाची भाकरी गुंडाळली की चिरते, म्हणून लोक मैद्याकडे वळतात. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात उकळतात, रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी चोळून धुतात आणि ओलाच वाटतात. किलोभर मक्याला साधारण दहा ग्रॅम खायचा चुना. त्याने साल सुटते, पीठ चिकट होतं आणि दाण्यातलं नियासिन अंगी लागतं. युरोपने मका नेला, चुना मागे ठेवला; मक्यावरच जगणाऱ्या तिकडच्या गरिबांत नियासिनअभावी पेलाग्राचा रोग पसरला. खटाटोप करायची तयारी असेल त्याने जरूर करावा. मी तांदळाच्या उकडीची भाकरी घेते. उकळत्या पाण्यात पीठ शिजवून मळलेलं असतं, त्यामुळे ती वळते, तुटत नाही. नेहमीपेक्षा पातळ आणि तळहाताएवढी थापायची. सकाळची संध्याकाळी वापरली तर आणखी बरी, ताजी भाकरी रश्शात विरघळते. मक्याची चव तीत नाही, हे कबूल. पण मैद्यातही ती नसते.

मध्यंतरी आमच्या बाजूच्या बचत गटातल्या बायकांना पर्यटनाचं प्रशिक्षण मिळालं. व्हाइट सॉस शिकवला, पास्ता शिकवला, मेक्सिकन म्हणून राजमा आणि केचप. शिकवणाऱ्याने एकदाही विचारलं नाही की तुमच्या घरात आज काय शिजलं. पोपटीचे दिवस होते. भांबुर्डीच्या पाल्यात वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, कोंबडी घालून मडकं लावलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यातलं जे उरतं, ती कोंबडी सोडवून, वाल सोलून, बटाटा कुस्करून भरावा आणि लाल रश्शात लोळवावा. एवढं धुरकट सारण कुठल्याही ओव्हनमधून निघणार नाही. वाल जास्तच उरले तर ते शिजवून, घोटून त्यांचाच रस्सा करावा, घेवड्याच्या जागी.

युकातानमध्ये पापाद्झुल नावाचा प्रकार आहे. भोपळ्याच्या बिया भाजून वाटलेल्या रश्शात भाकरी, आत उकडलेलं अंडं, वर थोडा टोमॅटोचा रस. आपण लाल भोपळा चिरला की बिया उकिरड्यावर टाकतो. शाकाहारी पाहुण्यांना मी अंड्याऐवजी शेवग्याचा पाला परतून देते. त्यांना आवडतो, आणि पाल्याला पैसे पडत नाहीत.

वर चीज हवंच असेल तर पनीर हाताने चुरून घालावं. तिकडे बऱ्याच ठिकाणी ताजं चीज असंच भुरभुरतात. कांदा कच्चाच, आणि फेब्रुवारी ते मे आमचा अलिबागचा पांढरा. त्याच्या माळा वडखळच्या रस्त्यावर टांगलेल्या दिसतात, पण पाहुणे जाताना घेतात, येताना कुणी घेत नाही.

जून-जुलैत मासेमारी बंद असते. तेव्हा सोडे भिजवून कांद्यावर परतावेत आणि लाल रश्शात घालावेत. सुकी कोलंबी मेक्सिकोतही लाल मिरचीबरोबरच शिजते, त्यामुळे पोरांना ‘अस्सल’ म्हणून सांगायला हरकत नाही. ओली कोलंबी हिरव्या रश्शात, तीसुद्धा तेलावर दोन मिनिटं परतून. सुरमईच्या तुकडीचं मात्र यात काही करू नये. ती तव्यावरच बरी, आणि तिचे दामही वेगळे लागतात.