पडद्यावरचे धडे आणि परांचीवरचे काम

कोलकात्याच्या पूर्वेस, राजारहाटच्या शेतजमिनीवर न्यू टाउन हे नियोजनबद्ध उपनगर उभे राहिले. १९९९ साली स्थापन झालेल्या ‘हिडको’ या सरकारी महामंडळाने त्याची उभारणी हाती घेतली. अशा नगरांतील उंच इमारती बांधणारा मजूर बहुधा दूरच्या खेड्यातून आलेला असतो. एक काम संपले की तो दुसऱ्या शहराची वाट धरतो. अशा फिरत्या कामगाराला सुरक्षेचे धडे मोबाइलवर, बंगालीत वा हिंदीत मिळणे ही मोठीच सोय होय. अक्षरओळख नसणाऱ्यालाही चित्रे पाहून पुष्कळ काही उमगते.

तथापि चित्रफीत पाहिली म्हणजे प्रशिक्षण झाले, असे मानणे घातक ठरेल. सुरक्षा पट्ट्याची दोरी भक्कम आधाराला अडकवणे, परांचीची सैल फळी ओळखणे, या गोष्टी हाताने केल्याविना अंगवळणी पडत नाहीत. शिवाय शिकण्याच्या तासाची मजुरी कापली गेली, तर कामगाराचे लक्ष धड्यात कसे राहावे?

१९९६ च्या उपकर कायद्याने बांधकाम खर्चाच्या किमान १ टक्का रक्कम कामगार कल्याणासाठी आकारण्याची तरतूद केली. सशुल्क नव्हे, तर सवेतन प्रशिक्षण हेही कल्याणच होय.

गृहकर्ज देताना बँक प्रकल्पाची मंजुरी तपासते, ग्राहक मालकीहक्काची कागदपत्रे पाहतो. घर बांधणाऱ्या हातांना प्रत्यक्ष जागेवर प्रशिक्षण मिळाले काय, हा प्रश्नही दोघांनी बिल्डरला अवश्य विचारावा.