शेंडा जपा, बॉस!

डेस्कवर मॉनिटर, कॉफीचा मग आणि त्यांच्या मधे काहीतरी हिरवं, असा आता ऑफिसांमध्ये नियमच झालाय. माझ्याकडे आहे पार्लर पाम. फूटभर उंची, नाजूक पिसांसारखी पानं आणि नखरे शून्य! निदान मला तसं वाटायचं.

गेल्या मे महिन्यात असाच एक पाम पुण्याहून पारोळ्याला नेला, नानांसाठी. नाना म्हणजे माझे आजोबा. आजी गेल्यापासून एवढ्या मोठ्या घरात एकटेच असतात. रात्रभर बसमध्ये कुंडी मांडीवर घेऊन बसलो. म्हटलं, नानांना जरा कंपनी!

पोचल्यावर कुंडी ओट्यावर ठेवली. झाड म्हटलं की ऊन हवंच ना? पण हे ऊन खानदेशचं. पारा ४३च्या पुढे. दोन दिवसांत पानांचे पापड झाले. घाबरून तांब्या-तांब्या पाणी ओतलं. तरी काही नाही. शेवटी कात्री घेतली. वरून छाटलं की खालून नवं फुटेल, गुलाबाला नाही का करत?

मागून नाना ओरडले, ‘‘शेंडाले हात लावू नको! शेंडा गया, झाड गयं!’’

नानांनी जन्मात पार्लर पाम पाहिला नव्हता. पण नाल्याकाठची शिंदी लहानपणापासून पाहिलेली. शिंदी, ताड, नारळ आणि माझा हा डेस्कवरचा पाहुणा, सगळे एकाच कुळातले. पार्लर पामच्या प्रत्येक खोडाला वाढीचा कोंब एकच, तोही शेंड्यात. तो कापला की त्या खोडाचा खेळ खलास. कापायचीच तर फक्त वाळलेली पानं.

मग नानांनी कुंडी उचलली आणि आत माठाशेजारी नेऊन ठेवली. मी नंतर वाचलं तेव्हा त्यातली गंमत कळली. कॅमेडोरिया एलिगन्स हे याचं शास्त्रीय नाव. मूळ गाव मेक्सिको-ग्वाटेमालाकडची जंगलं. तिथे हा मोठ्या झाडांच्या सावलीत वाढतो. त्याला उजेड हवा, थेट ऊन नको; हवा दमट हवी, पण मुळाशी डबकं नको. माठाशेजारी सावली, गारवा आणि ओल, तिन्ही एकदम!

तुमच्या डेस्कवर असेल तर एवढं सांभाळा. वरची बोटभर माती सुकली की मगच पाणी. कुंडीला खाली भोक हवंच. एसीचा झोत थेट अंगावर नको, पानांची टोकं करपतात. कोरड्या हवेत बारीक लाल कोळी लागतात, म्हणून अधूनमधून ओल्या फडक्याने पानं पुसा. एका कुंडीत बहुतेक वेळा बरीच रोपं एकत्र लावलेली असतात. ती सोडवायला जाऊ नका, मुळं तुटतात. घरात मांजर असेल तरी बिनधास्त, हा पाम विषारी नाही.

आणि हो, ‘हवा शुद्ध करतो’ म्हणून घेत असाल तर थांबा. ‘नासा’चा १९८९चा अभ्यास बंद पेट्यांमधला होता. २०१९मध्ये अशा प्रयोगांचा फेरआढावा घेतला, तेव्हा दिसलं की खऱ्या खोलीत नुसत्या हवा खेळती ठेवण्याची बरोबरी करायलासुद्धा दर चौरस मीटरला किमान १० झाडं लागतील. मग बॉसला कुठे बसवणार? त्यापेक्षा खिडकी उघडा. पाम घ्या तो आवडतो म्हणून.

आधी नानांचा फोन दोन मिनिटांत संपायचा. जेवलास का, पगार झाला का, ठेवू? आता वीस मिनिटं चालतो. आज किती पाणी घातलं, कुठलं पान पिवळं पडलं, सगळा रिपोर्ट मिळतो. परवा म्हणाले, शेंड्यातून नवं पान उलगडतंय. मग जरा थांबून विचारलं, तू कधी येतोस बघायला?

शुक्रवार रात्रीचं तिकीट काढलंय.