खिडकीतले बाजवा

कामाच्या धबडग्यात क्षणभर डोळे मिटले, की आम्ही मडगावहून ओखा एक्स्प्रेसमध्ये बसलेले असतो. रत्नागिरीपलीकडचा साडेसहा किलोमीटरांचा करबुडे बोगदा सरतो. पुढे वैतरणा, तापी, नर्मदा एकेक करून ओलांडल्या जातात. मग सयाजीरावांचे बडोदे येते. ते मागे पडते न पडते तोच खत कारखान्याच्या शेजारचे बाजवा स्थानक झरकन डोळ्यांपुढून सरकते. तेथे आम्ही कधी उतरलो नाही. तरी मनोराज्यात तेच वारंवार दिसते.

१९९८ पूर्वी गोमंतकीयाला बडोद्यास रेल्वेने जायचे तर घाट चढून लोंढा, मिरज असा वळसा पडे. त्या वर्षीच्या २६ जानेवारीला कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला आणि हा वळसा संपला.

परंतु स्वप्न पाहायलाही बसायला जागा लागते. अनारक्षित डब्याच्या दाराशी एका पायावर रात्र काढणाऱ्या मजुराला बाजवा दिसत नाही. दिसते ती पुढच्याची पाठ. मुंबई-अहमदाबाद या ५०८ किलोमीटरांच्या अतिवेगवान मार्गाची पायाभरणी २०१७ साली झाली. वेगाशी आमचे वैर नाही. मात्र वेगाचा हिशेब मांडताना लांबच्या गाड्यांतील साध्या डब्यांची संख्या गर्दीच्या मापाने ठरली पाहिजे. खिडकीशी बसून मनोराज्य करण्याचा हक्क तिकिटाच्या दरावर अवलंबून नसावा, एवढेच आमचे मागणे आहे.